बुऱ्हानपूर पहिल्यांदा पाहायला जाताना

माझ्या आजीच्या लग्नाचा बस्ता बुऱ्हानपूरला बांधला होता. रावेर तालुक्यातल्या त्या पिढीला बुऱ्हानपूर म्हणजे जळगावपेक्षा जवळचा बाजार. आज मध्ये राज्याची सीमा आहे, पलीकडे मध्य प्रदेश लागतो, म्हणून आपण त्याला परमुलुख समजून बसलो. जळगाव-धुळ्याची माणसं ताजमहाल बघायला आग्र्याला जातात. पण ज्या मुमताजसाठी तो बांधला तिने शेवटचा श्वास भुसावळपासून पंचावन्न किलोमीटरवर घेतला, हे त्यांतल्या अनेकांना माहीत नसतं. बुऱ्हानपूर ही खान्देशची जुनी राजधानी आहे. ते आपलं म्हणून पाहावं, आणि नीट पाहावं, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय.

निघण्याआधी एवढं डोक्यात असू द्या

नुसत्या भिंती बघून या शहरात काही हाती लागत नाही. म्हणून थोडा इतिहास.

१३८२ च्या सुमारास मलिक राजा नावाच्या सरदाराने तापीकाठी थाळनेर इथे आपलं राज्य उभं केलं. हे घराणं स्वतःला खलिफा उमर फारूक यांचे वंशज म्हणवत असे, म्हणून फारुकी. मलिक राजाचा मुलगा नासिर खान याने आसा अहिराकडून असीरगड घेतला आणि गडाच्या दक्षिणेला, तापीच्या उत्तर काठावर नवं शहर वसवलं. सुफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून ते बुऱ्हानपूर. समोरच्या काठावरचं जैनाबाद हे संत जैनुद्दीन शिराजी यांच्या नावावरून. या दोघांच्याही कबरी आपल्या खुलताबादला आहेत. म्हणजे खुलताबाद पाहिलेला माणूस बुऱ्हानपूरच्या नावाचा अर्धा अर्थ आधीच पाहून आलेला असतो.

फारुकींनी इथून दोनशे वर्षं खान्देशवर राज्य केलं. जानेवारी १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. त्यानंतर बुऱ्हानपूर झालं मुघलांचं दख्खनमधलं मुख्य ठाणं. दक्षिणेवर येणारी प्रत्येक फौज आधी इथे थांबायची. इंग्रज वकील टॉमस रो याने १६१५ मध्ये इथेच जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ याची भेट घेतली. मराठी माणसाच्या ओळखीचे प्रसंगही इथे पावलोपावली सापडतात. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये इथेच वारले. संभाजी महाराजांच्या फौजेने १६८१ च्या सुरुवातीला छापा घातला तो याच शहराच्या बहादूरपुऱ्यावर, आणि त्याच वर्षी औरंगजेब दक्षिणेत उतरला तो आधी इथेच. पहिला निजाम १७४८ मध्ये मरण पावला तेव्हा मुक्काम बुऱ्हानपूरचाच. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर शहर मराठ्यांकडे आलं. एवढी यादी मुलांना गाडीत बसल्या बसल्या सांगितलीत तरी प्रवास सरतो.

कधी आणि कसं जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. याला दुसरं उत्तर नाही. उन्हाळ्यात आपल्या खान्देशाला जे ऊन भाजतं तेच तिथेही, आणि बघायचं सगळं काळ्या दगडाचं. दुपारी अनवाणी फरसबंदीवर पाय ठेवायची सोय राहत नाही. पाऊस ओसरल्यावर गेलात तर सातपुडा हिरवा दिसतो आणि तापीला पाणी असतं, तेही छान.

भुसावळहून खांडव्याकडे जाणारी रेल्वे सगळ्यात सोयीची. सगळ्या गाड्या बुऱ्हानपूरला थांबत नाहीत, तेवढं आधी बघून घ्या. स्टेशन लालबागेत आहे, जुनं शहर तिथून काही किलोमीटरवर. बाहेर रिक्षा मिळतात. रस्त्याने यायचं तर सावदा-रावेर मार्गे केळीच्या बागांमधून या, किंवा मुक्ताईनगरहून इच्छापूरमार्गे. मुक्ताईनगरचं जुनं नाव एदलाबाद. म्हणजे आदिलाबाद. फारुकींमध्ये आदिल नावाचे राजे अनेक झाले. आपल्या गावांची नावं कुठून आली, हे या वाटेवर आपोआप उलगडत जातं.

दोन दिवस हाताशी ठेवा. एका दिवसात होतं म्हणणारे असीरगड, किल्ला, मशीद, दर्गा असं पळत पळत उरकतात आणि घरी आल्यावर त्यांना फक्त जिलेबी आठवते. राहायला स्टेशनच्या बाजूला आणि शनवारा दरवाजाच्या आसपास साधी हॉटेलं मिळतात. भाषेची चिंता करू नका. हिंदी सगळीकडे चालते, मराठी आणि खान्देशी बोलणारी घरं भरपूर आहेत, विणकर मोहल्ल्यांत उर्दू कानावर पडते. वयस्कर माणसाला चाचा म्हणा, रस्ता विचारा. मला तरी आजवर कुणी अर्धवट रस्ता सांगून सोडलेलं नाही.

पहिली सकाळ: नदी आणि किल्ला

पहिल्यांदा राजघाटावर जा. उजाडताना. हा माझा हट्ट समजा. शहर नदीकडे तोंड करून बांधलेलं आहे, त्यामुळे नदीवरून पाहिल्याशिवाय त्याची ठेवण कळत नाही. घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की एका बाजूला किल्ल्याची उंच भिंत थेट काठावरून वर चढलेली दिसते, समोर जैनाबादचा काठ, आणि पात्रात दगडात कोरलेला हत्ती. नदीचं नाव आपण तापी म्हणतो, तिथे ताप्ती ऐकू येईल.

तिथून शाही किल्ल्यात. तिकीट काढून आत गेलात की आधी थोडी निराशा होईल, हे सांगून ठेवतो. सात मजली वाड्याचं आता अवशेष म्हणावं एवढंच उरलंय. पण घाई करू नका, सरळ हमामखान्याकडे जा. शाहजहानच्या काळातलं हे स्नानगृह. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मग मान वर करा. छताच्या गिलाव्यावर फुलांची, वेलींची, जाळीची नक्षी अजून टिकून आहे. काही ठिकाणी रंग इतके ताजे की चारशे वर्षं खरी वाटत नाहीत. भिंतीला हात लावू नका, मुलांना आधीच समजावा. मोबाइलच्या फ्लॅशशिवायही फोटो चांगला येतो.

याच किल्ल्यात १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात, मुमताज महल गेली. शाहजहान तेव्हा खानजहान लोदी या सरदाराचं बंड मोडायला दक्षिणेत आलेला होता. मला इथे उभं राहिलं की आणखी एक गोष्ट आठवते. त्याच वर्षी आपल्याकडे मोठा दुष्काळ होता, तुकोबांच्या घरातली माणसं ज्यात गेली तोच. खान्देश, गुजरात, दख्खन सगळीकडे माणसं अन्नावाचून मरत होती, आणि बादशहाने बुऱ्हानपुरात लंगर उघडले होते. भिंतीआड बादशहाची बेगम, भिंतीबाहेर लंगरच्या दारात भुकेली रयत. एकाच उन्हाळ्यात, एकाच शहरात. ताजमहालाच्या गोष्टीत हा दुसरा भाग कुणी सांगत नाही, म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

जामा मशीद: इथे वेळ द्या

किल्ल्यातून गांधी चौकात या. भर बाजारात, भांडी, कापड, फळांच्या गाड्या यांच्या मधोमध जामा मशीद उभी आहे. फारुकी राजा आदिलशाह, म्हणजे राजे अली खान, याने ती १५८८-८९ च्या सुमारास पूर्ण केली. काळा दगड, दोन उंच मिनार, समोर ओळीने पंधरा कमानी. एक गोष्ट मात्र दिसत नाही आणि म्हणूनच बघायची: घुमट. आत गेलात की सगळं छप्पर खांबाखांबांमधल्या दगडी कमानींवर तोललेलं दिसतं.

जायची पद्धत सांगतो, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथेच संकोच वाटतो. ही नमाज चालू असलेली मशीद आहे, नुसतं स्मारक नाही. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची मोठी नमाज असते, ती वेळ टाळा. इतर दिवशीही अजान झाली की बाजूला होऊन थांबा, नमाज उरकू द्या. चपला काढून हातात किंवा पिशवीत घ्या. गुडघे झाकणारे कपडे हवेतच; पुरुषांनी डोक्याला रुमाल, बायकांनी ओढणी किंवा पदर. अंगणातला हौद वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी आहे, त्यात पाय बुडवून बसू नका. बायकांनी आतल्या दालनात जाण्याआधी तिथल्या माणसाला विचारून घ्यावं. नमाज पढणाऱ्याच्या समोरून चालत जायचं नाही आणि त्याचा फोटो काढायचा नाही. एवढं पाळलं की कुणी तुमच्याकडे वळूनही बघत नाही, उलट कुणीतरी म्हातारबाबा उठून आपणहून दाखवायला येतात.

त्यांना म्हणा, संस्कृत लेख दाखवा.

एका टोकाच्या मिहराबेत, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कमानदार कोनाड्यात, हाताच्या अंतरावर, दगडात अरबी लेखाजवळच नागरी अक्षरांतला संस्कृत लेख कोरलेला आहे. सुरुवात ‘श्री सृष्टिकर्त्रे नमः’. ईश्वराचं कोणतंही नाव न घेता, सृष्टी निर्माण करणाऱ्याला नमस्कार. पुढे अव्यक्त, व्यापक, नित्य अशा त्या ईश्वराला वंदन, मग आकाशात चंद्र-सूर्य-तारे आहेत तोवर फारुकी वंश पृथ्वीवर नांदो अशी इच्छा, राजाची वंशावळ, आणि शेवटी संवत १६४६, शके १५११, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. आपल्या लग्नपत्रिकेवर जसा सगळा तपशील असतो तसा. मशिदीचा मुहूर्त पंचांगातून नोंदवलेला आहे. ते वाचताना अक्षरं आधी अनोळखी वाटतात, मग एकेक ओळखू येतं. शालेय संस्कृत आठवणाऱ्याला पहिली ओळ तरी नक्की लागते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वडील मोठ्याने वाचत होते आणि मशिदीतले एक बुजुर्ग शेजारी उभं राहून त्यांचा उच्चार ऐकत होते. दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

याच मशिदीवर अकबराच्या १६०१ च्या विजयाचा फारसी लेखही आहे. ज्या राजाने चंद्र-सूर्य असेतो वंश टिको म्हणून लिहिलं, त्याच्याच इमारतीवर बारा वर्षांत दुसऱ्याची मोहोर उठली. दोन्ही लेख बघून घ्या.

वेळ उरला तर इतवारा भागातली बीबी की मशीद. ही जामा मशिदीहून जुनी, गुजरातच्या सुलतानाच्या मुलीने, म्हणजे फारुकी राणीने बांधलेली. गुजराती घडणीचे मिनार तिथे जवळून बघता येतात.

संध्याकाळी खायचं काय

मावा जिलेबी. खव्याची, गडद तपकिरी, बोटभर जाड. ती गरमच खायची, डब्यात घालून घरी आणली की तिची मजा जाते. घरी न्यायला दराबा घ्या: रवा, साखर आणि तूप फेटून फेटून इतका हलका करतात की जिभेवर ठेवला की विरघळतो.

आणि मांडे. आपण खान्देशी लोक खापरावरचे पुरणाचे मांडे जाणतो. बुऱ्हानपूरचे मांडे बिनपुरणाचे. तरी हात तोच. कारागीर कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवतो, पातळ पडदा झाला की उलट्या कढईवर टाकतो, दोन पलटी, आणि रुमालासारखी घडी. मांसाहारी असाल तर कोरम्याबरोबर खा. माझी आई ते बघून म्हणाली होती, “अगो माय, हे तर आपल्यासारखंच!” तेवढ्यासाठी तरी पाच मिनिटं भट्टीसमोर उभं राहावं.

दुसरा दिवस: जमिनीखालचं पाणी

सकाळी सगळ्यात आधी कुंडी भंडारा. काही जण खुनी भंडारा म्हणतात, नाव ऐकून दचकू नका. लालबागेच्या बाजूला, शहराबाहेर आहे.

अब्दुल रहीम खानखाना, हो, दोहे लिहिणारे तेच रहीम, इथले सुभेदार होते. त्यांच्या काळात, १६१५ मध्ये, इराणी जाणकाराच्या मदतीने हे काम झालं. नदी शहराच्या पायथ्याशी असूनही हे का केलं? नदी खोल, शहर उंचावर, शिवाय फौजेचा तळ कायमचा, आणि वेढा पडला तर नदीचं पाणी शत्रू सहज नासवू शकतो. म्हणून सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत झिरपणारं पाणी जमिनीखालीच अडवलं. बोगदे खणले, त्यांना इतका बेताचा उतार दिला की पाणी स्वतःच्या वजनाने शहरापर्यंत वाहत जावं, मोट नाही, रहाट नाही. आणि बोगद्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी पाडल्या, हवा-उजेड आत जावा आणि साफसफाईला उतरता यावं म्हणून. याच कुंड्या. वरून त्या ओळीने बांधलेल्या गोल कठड्यांसारख्या दिसतात. शंभराहून अधिक आहेत. इराणात याला कनात म्हणतात.

एका कुंडीतून लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरता येतं. लिफ्ट चालू आहे का, हे हॉटेलवाल्याकडून किंवा रिक्षावाल्याकडून आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवा. खाली पाण्यात उभं राहावं लागतं, म्हणून पँट दुमडता येईल अशी घाला, टॉर्च न्या, आणि ज्यांना कोंडल्यासारखं होतं त्यांनी वरच थांबावं. खाली गार असतं. चारशे वर्षांत पाण्यातल्या चुन्याचे थर बोगद्याच्या भिंतीवर पांढरे साचलेत. पाणी इतकं नितळ की पायाची नखं दिसतात. बोलणं थांबवलं की वाहण्याचा बारीक आवाज येतो. आपल्या यावल-रावेर पट्ट्यात बोअर किती खोल गेल्या हे ज्याला माहीत आहे, त्याने इथे दोन मिनिटं शांत उभं राहावं.

मकबरे आणि दर्गे

कुंडी भंडाऱ्यावरून परतताना रिक्षा अर्ध्या दिवसासाठी ठरवा, प्रत्येक ठिकाणाला वेगळी घेतली तर पैसे आणि वेळ दोन्ही जातात. भाडं, थांबण्याचा वेळ सगळं बसण्याआधी बोलून घ्या.

खानखानांचा मुलगा शाहनवाज खान याचा मकबरा उतावळी नदीच्या काठी शेतांमध्ये आहे. काळ्या दगडाचा म्हणून लोक त्याला काला ताजमहाल म्हणतात. बेगम शाह शुजाचा, म्हणजे शाहजहानचा मुलगा शाह शुजा याच्या बेगमेचा मकबरा मात्र चुकवू नका: आकाराने छोटा, बाहेरून खरबुजाच्या फोडींसारखा, म्हणून खरबुजी घुमट. दार बंद असेल तर आसपास चौकीदाराला हाक मारा. आतल्या भिंतींवर चित्रं आहेत, हमामखान्यातल्या नक्षीची आठवण करून देणारी. जवळच फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत.

दर्गा-ए-हकीमी हे दाऊदी बोहरा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची मजार इथे आहे. पांढराशुभ्र, स्वच्छ, बागेतला परिसर. देशोदेशीचे बोहरा भाविक येतात. इथे कपड्यांबाबत मशिदीपेक्षाही काटेकोर राहा, डोकं झाका, फोटोसाठी परवानगी विचारा, आणि जियारत, म्हणजे मजारीचं दर्शन, करणाऱ्यांना आधी वाट द्या. गावातल्या दर्ग्यांवर कुणी चादर चढवत असेल तर तुम्ही चढवलीच पाहिजे असं काही नाही. हात जोडून उभं राहिलात तरी चालतं. आपल्याकडची कितीतरी हिंदू घरं दर्ग्यावर नवस बोलतात, त्यामुळे हे काही शिकवावं लागणार नाही.

शीख यात्रेकरूंसाठी इथला बडी संगत गुरुद्वाराही महत्त्वाचा. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले होते.

दुपार कलली की पूल ओलांडून जैनाबादला, आहुखान्यात. ही मुघलांची शिकारीची बाग. मुमताजला आधी इथे दफन केलं होतं. सहा महिन्यांनी, डिसेंबर १६३१ मध्ये, तिचं शव आग्र्याला नेलं. बारादरीच्या पडक्या कमानी आणि गवत, एवढंच आहे. कुणी गाइड नाही, पाटी वाचायची तर झुडूप बाजूला करावं लागतं. तरी या, आणि अंधार पडण्याआधी निघा.

आणखी एक दिवस मिळाला तर

असीरगड खांडवा रस्त्यावर साधारण वीस किलोमीटर. वर पाणी विकत मिळेल या भरवशावर राहू नका. गडावरच्या मशिदीतही संस्कृत लेख आहे, आणि गुप्तेश्वर महादेवाच्या देवळात अश्वत्थामा रोज पूजेला येतो असं गावकरी सांगतात. मिर्झाराजांची छत्री तापी-मोहनेच्या संगमाजवळ आहे, तिथे स्वतःची गाडी असलेली बरी.

धुळ्याकडून आलेले असाल तर परतताना थाळनेरला वळा. शिरपूर तालुक्यात, तापीकाठी. पहिल्या फारुकींचे मकबरे तिथे आहेत, त्यातला अष्टकोनी आधी बघा, त्याच्या दगडी नक्षीवर तिरपं ऊन पडतं तेव्हा, म्हणजे चारच्या सुमारास. गावात कुणालाही विचारा, पोरंसोरं दाखवायला बरोबर येतात.